आधी बारगीर व्हा, मग शिलेदार

दत्तजयंती जवळ आली, सारंगखेड्याचा घोडेबाजार रंगात आला, की मला फोन यायला लागतात. काही ओळखीच्यांचे, काही ओळखीच्यांच्या ओळखीतल्यांचे. माणूस बहुधा बाणेरचा, कोथरूडचा नाहीतर खराडीचा. तापीकाठच्या जत्रेत एखाद्या उमद्या मारवाडी घोड्यासमोर उभा. "दीड लाख म्हणतोय. घेऊ का?" मी विचारतो, "ठेवणार कुठं?" उत्तर ठरलेलं असतं: "ते बघू पुण्यात आल्यावर." वरातीमागून घोडं ही म्हण आपण दुसऱ्यांसाठी वापरतो. इथं घोडं वरातीच्या कितीतरी पुढं निघून आलेलं असतं आणि हिशेब मागून धापा टाकत येतो.

तो हिशेब आधी मांडावा म्हणून हा लेख. घोड्याची किंमत हा घोड्याच्या खर्चातला सगळ्यात लहान तुकडा. घोडा विकत घ्यायचा एकदाच, पण तो खातो रोज. तुम्ही कोकणात गेलात तरी खातो, पाय दुखावून दोन महिने नुसता उभा असला तरी खातो.

हे समजावून सांगायला मराठीला नवे शब्द लागत नाहीत. शिवकाळाच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारी पागेतलं, तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई, तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था दिली आहे: पंचवीस बारगिरांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. लष्कर पावसाळ्यासाठी छावणीला परतायच्या आत घोड्यांचा दाणा, औषधं आणि गवतानं शाकारलेली छपरं तयार ठेवायची, हाही दंडक होता. दाणा, पाणी, नाल, औषध, छप्पर आणि माणूस ही सहा कलमं तेव्हाही टळत नव्हती, आजही टळत नाहीत. बारगिराची ती सरकार निभावी, शिलेदाराला पदरमोड करावी लागे. आज पुण्यात फी भरून दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार. माझा सल्ला एवढाच, की मधला एक अख्खा पावसाळा धरून निदान वर्षभर बारगिरी केल्याशिवाय शिलेदारीच्या वाटेला जाऊ नये.

आकड्यांबद्दल एक सूचना. किलो, लिटर आणि दिवस घोड्याच्या शरीरावरून ठरतात, ते फारसे हलत नाहीत. रुपये हलतात. पुढं मी हिशेबापुरते दर धरले आहेत. तुम्ही आपल्या भागातला आजचा दर घालून गुणाकार नव्यानं करा.

दाणा आणि चारा

४०० किलो वजनाचा, आठवड्यातून चार-पाच दिवस बेताची रपेट होणारा घोडा धरू. घोडा रोज आपल्या वजनाच्या दोन-अडीच टक्के कोरडं खाद्य खातो. त्याची मांडणी साधारण अशी होते: ७ किलो वाळलेलं गवत, ४ किलो हिरवा लसूणघास आणि २ किलो चंदी. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. ओट, जव, थोडा हरभरा, भरडलेले हुलगे, गव्हाचा कोंडा असं काहीबाही त्यात येतं.

गवत वर्षाला २,५५५ किलो होतं. तुडवलेलं, भिजलेलं, उडालेलं धरून २,८०० किलो घ्यावं लागतं. किलोला १२ रुपये धरले तर ३३,६०० रुपये. चंदी ७३० किलो, ४० रुपयांनी २९,२००. लसूणघास १,४६० किलो, ८ रुपयांनी ११,६८०. मीठ, खनिज मिश्रण, कधीमधी गूळ असं महिन्याला ३०० धरलं तर ३,६००. एकूण ७८,०८० रुपये.

खर्च वाचवायला जावं तर घोडं पेंड खातं ते इथंच. पुणे जिल्ह्यात उसाचे वाढे मुबलक आणि स्वस्त. गाई-म्हशी खातात, मग घोड्यानं खाल्ले तर काय बिघडलं, असं कुणीतरी सुचवतंच. वाढ्यांत ऑक्झलेटचं प्रमाण जास्त असतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्महिने त्यावरच राहिलेला घोडा हाडातलं कॅल्शियम काढून जगायला लागतो. मग तो लंगडतो, जबड्याची हाडं फुगतात, आणि मालकाला वाटतं दात दुखतोय. ज्वारीचा वाळलेला कडबा बारीक कुट्टी करून थोडा द्यायला हरकत नाही, पण कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको, तिच्यात विषारी हायड्रोसायनिक आम्ल असतं. गवत सुगीनंतर, दिवाळीच्या आगेमागे वर्षाचं भरून ठेवावं. मे-जूनमध्ये दर चढलेला असतो आणि उरलेला मालही नीट मिळत नाही. मात्र पावणेतीन टन गवताला कोरडी जागा लागते. बुरशी आलेलं गवत घोड्यापुढं टाकणं म्हणजे पैसे देऊन खोकला आणि पोटशूळ विकत घेणं.

लाडानं चंदी वाढवू नका, हेही सांगून ठेवतो. रविवारी दौडवायचं आणि सोमवार ते शनिवार बांधून भरपूर दाणा घालायचा, हा पुण्यातल्या नोकरदार मालकांचा नेहमीचा घोळ. सहा दिवस दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा सातव्या दिवशी एकदम पळवला, की त्याच्या पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू दगडासारखे आखडतात, लघवी काळ्या चहासारखी होते आणि तो जागचा हलत नाही. "घोडा का अडला?" या जुन्या कोड्याचं "न फिरवल्यामुळे" हे उत्तर शब्दशः खरं ठरतं. ज्या दिवशी फिरवणं नाही, त्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करा.

पाणी रोज ३० ते ४० लिटर पिण्यापुरतं, उन्हाळ्यात जास्त, धुणं वेगळं. नळाचं पाणी असलेल्या ठिकाणी हे कलम दिसतही नाही. एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या उपनगराकडेच्या जागेत ते चांगलंच दिसतं.

माणूस

खर्चाचं सगळ्यात मोठं कलम घोड्याच्या तोंडात जातच नाही, ते त्याच्या मोतद्दाराच्या पगारात जातं. पहाटे चारा, लीद काढणं, खरारा, खूर साफ करणं, फिरवणं, दुपारचं पाणी, संध्याकाळची चंदी, रात्री एक चक्कर. एक जाणता मोतद्दार तीन घोडे नीट सांभाळतो. महिन्याला १८,००० पगार धरला तर तीन घोड्यांत वाटून एका घोड्याच्या वाट्याला वर्षाचे ७२,००० येतात. तुमचा एकटाच घोडा असेल तर अख्खे २,१६,००० तुमचे. तरी एकट्या घोड्याचं दुःख यात धरलेलं नाही. घोडा कळपातला प्राणी. सोबत नसलेला घोडा गव्हाणीची लाकडं कुरतडतो, एका जागी डुलत राहतो, वजन सोडतो. बाजूला एखादी शेळी किंवा गाढव बांधलं तरी त्याला पुष्कळ बरं वाटतं. आता शेळीही खाते, हे ओघानं आलंच.

स्वस्तातला माणूस ठेवू नका. खरारा करताना चांगल्या मोतद्दाराच्या हाताला घोड्याच्या पायातली ऊब कळते, आणि दुसऱ्या दिवशीचं लंगडणं आदल्या रात्रीच टळतं.

जागा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोडा बांधता येत नाही, हे सांगावं लागू नये. पण विचारणारे भेटले आहेत. शहराच्या हद्दीत स्वतःच्या बंगल्याच्या आवारात ठेवायचा तर आधी महापालिकेत परवानगीची चौकशी करा आणि त्याहून आधी शेजाऱ्यांच्या घरी चहाला जा. घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो, वर्षाची सहा-साडेसहा टन. उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिका पुष्कळ, तिथं हे खत खपतं. त्याचे पैसे मिळतील या आशेवर मात्र राहू नका. कुणी फुकट उचलून नेलं तरी उपकार समजा.

बहुतेकांचा घोडा शहराबाहेरच राहतो. जागा निवडताना पुणेकरानं एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे पाऊस. शहरातून पश्चिमेला सरकाल तसा पाऊस वाढत जातो. पौड, मुळशी, लोणावळ्याकडची जागा उन्हाळ्यात स्वर्गासारखी वाटते. जुलैत तिथली जमीन आठवडेच्या आठवडे सुकत नाही. थेऊर, उरुळी, सासवडच्या बाजूला पाऊस कमी, जमीन लवकर वाफशाला येते. खुराला कोरडं हवं. ओल्या लिदीत उभ्या घोड्याच्या खुराच्या तळव्यातली मऊ गादी सडते, काळा घाण वासाचा स्राव येतो, आणि औषधोपचारात अख्खा श्रावण-भाद्रपद जातो. माझ्या घोडीचा पहिला पावसाळा असाच गेला. तेव्हा मी हिरव्यागार डोंगराच्या मोहात पडून जागा निवडली होती. पावसाळ्यात माश्या, गोमाश्या वाढतात. रक्त पिणाऱ्या गोमाश्यांमुळं सर्रा पसरतो: ताप येतो-जातो, पाय आणि पोट सुजतं, घोडा खंगत जातो. रक्ततपासणी वेळेत झाली तर उपचार होतो.

नदीकाठच्या स्वस्त जागेपासूनही दूर राहा. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर काय होतं, ते जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीनं पाहिलं. माणसं वरच्या मजल्यावर चढू शकतात. आणि जवळपास मंगल कार्यालयं किती, हेही बघा. फटाके आणि ढोलताशा दोन्हींची सवय लावता येते, पण ती आधी लावावी लागते.

एक कलम कुणीच धरत नाही, ते तुमच्या येण्याजाण्याचं. तबेला २५ किलोमीटरवर असेल आणि आठवड्यातून चार फेऱ्या होत असतील, तर वर्षाला १०,४०० किलोमीटर होतात. मोटारीला किलोमीटरमागे ८ रुपये धरले तर ८३,२०० रुपये, म्हणजे घोड्याच्या चाऱ्यापेक्षा जास्त. घरात घोडा असून पेट्रोलचा खर्च वाढलेला मी एकटाच नाही.

नाल, औषध आणि अचानकचं

खूर नखासारखा वाढतो. साधारण सहा आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा. वर्षाला ९ खेपा, चारही नालांचे २,००० धरले तर १८,००० रुपये. फक्त मऊ मातीत चालणारा, टणक खुराचा घोडा नालाशिवायही राहतो, खर्च बराच कमी होतो; पण खूर कापून घ्यायला नालबंद लागतोच. बैलांना पत्र्या मारणारा माणूस घोड्याला बोलावू नका. खुराचा कोन थोडा चुकला तरी त्याचा ताण वर सांध्यांवर येतो.

वर्षाच्या ठरलेल्या औषधपाण्यात धनुर्वाताची लस, जंताचं औषध, वर्षातून एकदा दातांची कानस आणि दोनेक रक्ततपासण्या येतात. यासाठी १५,००० धरू. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि कडांना धार येते, गाल फाटतात. चंदी तोंडातून सांडायला लागली की घोडा माजलाय असं म्हणू नका, तोंड उघडून पाहा. धनुर्वाताला घोडा फार नाजूक. गंमत अशी, की माणसांसाठीचा धनुर्वाताचा सिरमही घोड्याच्याच रक्तातून काढत. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनकडे त्यासाठी जात, आणि तोच धागा पकडून १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हडपसरच्या लशींची सुरुवात तबेल्यातली.

पशुवैद्यकाची गाठ आधी घालून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुण्यात गल्लोगल्ली आहेत, घोड्यांचे मोजके, बरेचसे रेसकोर्सच्या आसपासचे. सरकारी व्यवस्थेत औंधचा पशुरोग अन्वेषण विभाग आणि सातारा रस्त्यावरचं शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय ही दोन नावं लक्षात असू द्या.

आणि पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही. पोट लहान, आतडं प्रचंड लांब. चारा अचानक बदलला, पाणी कमी पडलं, माती पोटात गेली, की आत कुठंतरी अडतं. घोडा वळून कुशीकडं बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, घामाघूम होतो, लोळतो, लीद टाकत नाही. रात्री दोनला डॉक्टरला फोन करायची वेळ हीच. पुढचा चारा काढून घ्या. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय घरचं औषध, तेल, काढा काही घशात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. बहुतेक दुखणी इंजेक्शन आणि नाकातल्या नळीवर निभावतात. काही निभावत नाहीत, आणि मग शस्त्रक्रियेचा खर्च घोड्याच्या किमतीच्या पुढं जातो. यासाठी एक लाख रुपये बाजूला, हात न लावता ठेवलेले असावेत. विमा मिळतो. मूल्यांकनाचा दाखला आणि ओळखीची खूण लागते, हप्ता किमतीच्या टक्केवारीत असतो, पण सर्वसाधारण पशुविमा मृत्यूची भरपाई देतो, उपचारांची नाही.

सांभाळायला ठेवायचं तर

आता बेरीज. शहराबाहेर स्वतःची जागा, एकच घोडा: खाणं ७८,०००, खाली पसरायचा भुसा १८,०००, नाल १८,०००, औषधपाणी १५,०००, माणूस २,१६,०००, खोगीर-लगामाची दुरुस्ती ८,०००. एकूण ३,५३,००० रुपये. छप्पर, कुंपण आणि पहिलं खोगीर यात धरलेलं नाही.

दुसऱ्याच्या तबेल्यात महिन्याच्या हिशेबानं ठेवला, आणि चारा, माणूस, भुसा धरून महिन्याला २०,००० पडले असं मानू. वर्षाचे २,४०,०००. नाल, औषध आणि सामान बहुधा वेगळं, म्हणजे आणखी ४१,०००. बेरीज २,८१,०००. एकट्या घोड्याला हेच स्वस्त पडतं, आणि त्याला सोबतही मिळते.

पण तोंडी बोलीवर ठेवू नका. माझी एक ओळख या एका चुकीनं तुटली. मी परगावी असताना माझ्या घोडीवर शिकाऊ मुलांच्या रपेटी होत होत्या. तबेलावाल्याच्या मते फिरवणं हा सेवेचाच भाग होता. तेव्हापासून मी कागद करतो. त्यात एवढं असावं: रोजचा चारा आणि चंदी किलोत लिहिलेली, घोड्यावर कोण बसणार, कोण नाही, मालकाचा फोन लागला नाही तर डॉक्टरला बोलावायचा आणि कितीपर्यंत खर्च करायचा अधिकार कुणाचा, घोडा हलवायचा तर किती दिवस आधी सांगायचं, पैसे थकले तर काय. शेवटचं कलम लिहायला दोघांनाही संकोच वाटतो, म्हणूनच ते लिहावं.

आता बारगिराचा हिशेब घ्या. एका रपेटीला ७०० रुपये धरले आणि वर्षात शंभर रपेटी केल्या तर ७०,०००. शिलेदारानं २,८१,००० खर्चून वर्षात दीडशे वेळा रपेट केली तरी एक रपेट १,८७३ रुपयांना पडते. पुण्यात शिकायला जागा आहेत. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात पुण्याच्या कित्येक पिढ्या घोड्यावर बसायला शिकल्या. शहराच्या चहूबाजूंनी आता खासगी क्लबही आहेत. मधला एक मार्गही आहे. काही तबेले भागीदारीत घोडा देतात: महिन्याचा अर्धा खर्च तुमचा, आठवड्यातले तीन दिवस तुमचे. हा निमबारगीर मला सर्वांत शहाणा वाटतो. वर्षभर तीन दिवस पहाटे साडेपाचला तबेल्यात पोहोचलात, पावसात पोहोचलात, लीद काढलीत, की आपल्याला घोडा हवा होता की घोड्यावरचा फोटो, ते आपलं आपल्याला कळतं.

तरीही घ्यायचाच असेल

बाजारात भोवऱ्या, देवमण, पंचकल्याणी अशा शुभ-अशुभ मानलेल्या खुणांवर किमती वर-खाली होतात. घोडेवाल्यांची ती जुनी विद्या आहे, मी तिची चेष्टा करत नाही. पण चार पांढरे पाय आणि पांढरं तोंड पाहून मी घेतलेली पंचकल्याणी घोडी तिसऱ्या आठवड्यात पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. विकताना वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलेलं असावं, असा डॉक्टरांचा तर्क होता. त्यामुळं आधी पाय पाहा, मग भोवऱ्या. टणक जमिनीवर, सरळ रेषेत, दुडक्या चालीनं पळवून घ्या. आपला डॉक्टर न्या. मोबदला द्या, तो किमतीत वसूल होतो. ग्लँडर्सची तपासणी झाल्याचा कागद मागा. हा रोग माणसालाही होतो, कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, आणि बाधित घोड्याला उपचार नाही, मारावंच लागतं. सारंगखेड्याहून पुणे जवळपास ४०० किलोमीटर. वाहतुकीआधी पशुवैद्यकाचा दाखला लागतो आणि आल्यावर नवा घोडा दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळा ठेवायचा असतो.

वजनही आधी करा, स्वतःचं. खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं त्याच्या पाठीवर नको. ४०० किलोच्या घोड्याला ८० किलो ही हद्द झाली. ज्यांना ती सहज पाळता येते, किंवा मुलांसाठी घ्यायचंय, त्यांनी भीमथडीचा विचार करावा. भीमथडी म्हटलं की पुणेकराला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावरची जत्रा आणि तिथलं खाणं आठवतं. पण भीमेच्या खोऱ्यातलं हे तट्टू एकेकाळी मराठ्यांच्या फौजांखाली होतं आणि आजही धनगरांचा संसार पाठीवरून नेतं. अलीकडे त्याला देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली. लहान चणीचं, काटक, टणक खुराचं. खाणं कमी, नालाचा खर्च कमी.

फुकटच्या घोड्याबद्दल मात्र सावध राहा. पुण्याच्या रेसकोर्सवर १८३० पासून शर्यती होत आल्या आहेत, आणि आजही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा हंगाम पावसाळ्यात इथं असतो. दर वर्षी काही थरोब्रेड शर्यतीतून बाहेर पडतात आणि अगदी कमी पैशांत, कधी नुसते "चांगलं घर द्या" म्हणून मिळतात. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. धर्माच्या घोड्याचे पाय जरूर मोजा. साडेचारशे-पाचशे किलोचा हा प्राणी जास्त खातो, त्याचे स्नायुबंध बऱ्याचदा शर्यतीत झिजलेले असतात, आणि त्याला धावणं सोडून दुसरं काही शिकवलेलं नसतं. जाणत्या स्वाराच्या हाती तो सोन्यासारखा घोडा. नवख्याच्या हाती फुकटातला घोडा सर्वांत महाग.

शर्यतीच्या घोड्यात भागीदारी घ्यायची असेल तर तो वेगळाच धंदा, वेगळ्या खिशाचा. ट्रेनरचं बिल दरमहा येतं, घोडा जिंको अथवा न जिंको. आणि आयकरात त्या घोड्यांचा तोटा पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून वळता होत नाही. तो फक्त त्याच प्रकारच्या उत्पन्नातून, आणि पुढं ४ वर्षांपर्यंतच.

एक हिशेब बहुतेक जण करायचंच टाळतात. सहा वर्षांचा घोडा घेतला, तर नीट सांभाळल्यास तो विशीपर्यंत पाठीवर घेईल आणि सत्ताविशीपर्यंत जगेल. म्हणजे २१ वर्षं. आजच्याच भावानं, २,८१,००० रुपयांनी, ५९ लाख होतात, आणि त्यातली शेवटची सात वर्षं त्याच्यावर कुणी बसणार नाही. तुमची मुलगी आज दहा वर्षांची आहे, तिला घोड्यांचं वेड आहे, म्हणून घेताय ना? ती शिकायला परदेशी जाईल तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल आणि दारातून गाडीचा आवाज आला की कान टवकारेल. म्हातारा घोडा पुण्यात कुणी विकत घेत नाही. घेतला तर वरातीत उभा राहायला किंवा पर्यटकांना फिरवायला घेतात, आणि तिथं त्याचं काय होतं ते आपण रस्त्यावर पाहतो. त्याची शेवटची सात वर्षं कुठं जातील, हे घ्यायच्या आधी ठरवा. गावाकडं शेत असेल आणि तिथं सांभाळणारं माणूस असेल, तर हे कलम खूप हलकं होतं.

हे सगळं वाचूनही ज्यांचं मन हललं नसेल, त्यांनी तबेला पाहायला ऑगस्टमध्ये जावं. रविवारी सकाळी नको, तेव्हा सगळं झाडून-पुसून ठेवलेलं असतं. एखाद्या बुधवारी, दुपारी तीनला, न सांगता. टाकीत पाणी कशा रंगाचं आहे ते बघा. गवताच्या गंजीत हात खुपसा, आत गरम किंवा दमट लागतं का पाहा. मोतद्दाराला एकेका घोड्याचं नाव विचारा आणि तो ते सांगताना घोड्याकडं बघतो की मालकाकडं, हे लक्षात ठेवा. मग एखाद्या घोड्याचा मागचा पाय उचलायला सांगा आणि वाकून खुराच्या तळाचा वास घ्या. सडका वास आला तर दर कितीही परवडणारा असो, चहा घ्या आणि घरी या.